वारशाचा जयघोष, जपणुकीचे शिक्षण शून्य

६ मे २०२५ रोजी राज्याचे मंत्रिमंडळ जामखेड तालुक्यातील चौंडी येथे बैठकीसाठी जमले. अहिल्याबाई होळकरांच्या जन्माला तीनशे वर्षे पूर्ण होत असल्याचे ते निमित्त होते. तीर्थक्षेत्रे व स्मृतिस्थळे यांच्या विकासाचे ५,५०३ कोटी रुपयांचे आराखडे त्या बैठकीत मंजूर झाले. त्यांपैकी सुमारे ६८१ कोटी एकट्या चौंडीच्या वाट्याला आले. त्याआधी २०२४ साली जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले होते. पाट्या बदलल्या, शिक्के बदलले, भाषणे झाली. वारसा, परंपरा, अस्मिता या शब्दांचा इतका पाऊस या दुष्काळी जिल्ह्याने पूर्वी कधी पाहिला नसेल. या सर्व गलबल्यात एक साधा प्रश्न कोणी विचारला नाही. जुना दगड, जुना कागद, जुने धातूचे भांडे, जुने वस्त्र शास्त्रशुद्ध रीतीने हाताळून त्याचे आयुष्य वाढविणारा एक तरी माणूस या ६८१ कोटींतून घडणार आहे काय?

सांस्कृतिक वस्तूंचे जतन हे आज जगभर पदव्युत्तर अभ्यासाचे शास्त्र आहे. रसायनशास्त्र, इतिहास आणि हातकसब या तिहींच्या संगमावर ते उभे आहे. रोम येथे १९३९ साली या विद्येची मध्यवर्ती संस्था स्थापन झाली. नोव्हेंबर १९६६ मध्ये आर्नो नदीच्या पुराने फ्लॉरेन्समधील ग्रंथ आणि चित्रे चिखलात गेली, तेव्हा अनेक देशांतून धावून आलेल्या तंत्रज्ञांच्या अनुभवातून या शास्त्राला नवे वळण लागले. भारतातही ही विद्या अगदी अपरिचित आहे असे नाही. पुरातत्त्व खात्यात १९१७ पासून रसायनतज्ज्ञ आहेत. त्यांची शाखा पुढे डेहराडूनला स्थिरावली. लखनौची राष्ट्रीय प्रयोगशाळा १९७६ ची, दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाची अध्यापनसंस्था १९८९ ची. महाराष्ट्रात जे काही आहे ते मुंबई-पुण्याच्या परिघात. राज्यातील क्षेत्रफळाने सर्वांत मोठ्या असलेल्या, सतरा हजार चौरस किलोमीटरांवर पसरलेल्या या जिल्ह्यात मात्र त्याचा एकही पदव्युत्तर वर्ग नाही.

आणि जिल्हा कोणता, हे ध्यानात घेतले पाहिजे. महाराष्ट्राच्या प्रागितिहासाला ज्या गावावरून ‘जोर्वे संस्कृती’ हे नाव मिळाले ते जोर्वे संगमनेर तालुक्यात आहे. १९५०-५१ साली डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. शां. भा. देव यांनी तेथे उत्खनन केले. प्रवरेच्याच काठी नेवासे आहे. ज्ञानेश्वरी जेथे सांगितली गेली ते हे गाव १९५४ पासून झालेल्या उत्खननांनी पार अश्मयुगापर्यंत मागे नेले. तेथे ताम्रपाषाणयुगातील एका बालकाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ सापडली आणि त्या मण्यांत अडकून राहिलेला धागा तपासला तेव्हा त्यात रेशीम आणि कापूस आढळला. साडेतीन हजार वर्षांचा धागा काळ्या मातीत टिकला कसा? तांबे गंजताना जे क्षार निर्माण होतात ते सूक्ष्मजंतूंना मारक असतात. ते धाग्यात झिरपले आणि धागा कुजला नाही. म्हणजे ज्या हिरव्या गंजाला अडाणी हात ‘घाण’ म्हणून घासून टाकतो, त्या गंजानेच इतिहास राखला होता. चिंच आणि राख घेऊन कोणी ते मणी लखलखीत केले असते, तर नेवाशाच्या त्या मुलाच्या गळ्यातील धाग्यासंबंधी आज एक अक्षरही लिहिता आले नसते.

दायमाबादची कथा याहून बोलकी आहे. श्रीरामपूर तालुक्यातील या पांढरीच्या टेकाडावर १९७४ साली भिल्ल समाजातील एका स्थानिक माणसाला झुडपाचे मूळ खणताना चार धातुशिल्पे लाभली: बैलजोडीचा रथ आणि त्यावर उभा सारथी, रेडा, हत्ती आणि गेंडा. चारींचे मिळून वजन साठ किलोंहून अधिक. भारतीय उपखंडाच्या आद्य इतिहासातील इतका मोठा धातुशिल्पांचा ठेवा दुसरा क्वचितच असेल. पुढे तेथे १९७९ पर्यंत उत्खनन चालले. शिल्पे मात्र जिल्ह्यात राहिली नाहीत. ती महानगरांच्या संग्रहालयांत गेली. त्याबद्दल प्रादेशिक अश्रू ढाळण्याचे येथे प्रयोजन नाही. ती जिल्ह्यात राहिली असती तर कोणत्या कपाटात, कोणत्या दमट खोलीत पडली असती याची कल्पना करवत नाही. प्रश्न त्या शिल्पांवरून जो वाद झाला त्याचा आहे.

ही शिल्पे कोणत्या काळची? साळी, ढवळीकर, राव, देशपांडे यांच्यासारख्या पुरातत्त्ववेत्त्यांनी ती उत्तर हडप्पा काळातील मानली. डी. पी. अगरवाल यांनी धातूच्या पृथक्करणावर बोट ठेवले: त्यात आर्सेनिकचे प्रमाण एक टक्क्याहून अधिक आहे आणि त्या काळच्या इतर ताम्रवस्तूंत असे मिश्रण आढळत नाही, तेव्हा ती बरीच नंतरची असू शकतील. शिल्पे उत्खननाच्या थरात सापडली नव्हती, म्हणून मातीची साक्ष उपलब्ध नव्हती. उरली ती धातूची साक्ष. अशा वादाचा निकाल सभेत लागत नाही, मोर्चातही लागत नाही. तो प्रयोगशाळेत, वस्तूच्या पृष्ठभागाला इजा न करता तपासणी करू शकणाऱ्या शिक्षित माणसाच्या हातून लागू शकतो. आपल्या राजकारणाला मात्र इतिहासाचा निकाल सभेत लावण्याची सवय जडली आहे, आणि सभेला आर्सेनिकचे प्रमाण लागत नाही.

आता नगर शहराकडे वळू. मलिक अहमदने पंधराव्या शतकाच्या अखेरीस वसविलेले हे शहर. १५९५-९६ च्या वेढ्यात चांदबिबीने मोगलांपुढे जो किल्ला लढविला, त्याच किल्ल्यात ऑगस्ट १९४२ नंतर काँग्रेस कार्यकारिणीचे नेते स्थानबद्ध होते. नेहरूंनी तेथे भारताच्या इतिहासाचा शोध घेणारा ग्रंथ लिहिला आणि ज्या सहबंदींच्या चर्चेचे ऋण त्यांनी प्रस्तावनेत मान्य केले त्यांत मौलाना आझादांच्या बरोबरीने आचार्य नरेंद्र देव यांचे नाव आहे. समाजवादी विचाराच्या माणसाला नगरचा वारसा परका नाही तो यामुळे. एका निजामशाही किल्ल्यात संस्कृत आणि पाली जाणणारा समाजवादी, अरबी-फारसी जाणणारा मौलाना आणि केंब्रिजमध्ये शिकलेला काश्मिरी एकत्र बसून देशाच्या भूतकाळाची उलटतपासणी करीत होते. संमिश्र संस्कृती म्हणजे काय हे समजण्यास याहून वेगळे उदाहरण शोधण्याची गरज नाही. नागरिकाने तिचे जतन करावे असे राज्यघटनेचे ५१-क हे कलम सांगते. राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांचे रक्षण हे राज्याचे कर्तव्य आहे असे ४९ वे कलम सांगते. घटनेने ही दोन्ही कर्तव्ये सांगितली. ती पार पाडणारे हात तयार करण्याचे काम विद्यापीठांचे होते.

ते हात नसल्यामुळे काय होते ते गावोगाव दिसते. काळ्या पाषाणाच्या यादवकालीन मंदिरांना तैलरंगाची पुटे चढतात, गाभाऱ्यात न्हाणीघरातल्या फरश्या बसतात आणि त्याला ‘जीर्णोद्धार’ म्हणतात. जुन्या चुन्याच्या बांधकामात सिमेंट भरले जाते. चुना मऊ व सच्छिद्र असतो, भिंतीतील ओल तो बाहेर सोडतो. सिमेंट कठीण, ते ओल कोंडते. कोंडलेल्या ओलीबरोबर क्षार हलतात, पृष्ठभागाखाली त्यांचे स्फटिक होतात आणि गिलावा व वीट आतून फुटू लागते. दुरुस्ती दहा वर्षांत दुरुस्तीलाच खाते. ठेकेदाराला याचे सुखदुःख नाही. त्याला दहा वर्षांनी नवी निविदा मिळते. शेंदराची पुटे काढावी की ठेवावी, मूर्तीला लावलेला रासायनिक लेप पुढे काढता येईल की नाही, हे प्रश्न श्रद्धेचे म्हणून गप्प केले जातात. वास्तविक या शास्त्राचा पहिला नियमच असा आहे की आज केलेला उपचार उद्याच्या अधिक जाणत्या माणसाला उलटविता आला पाहिजे.

कागदांची अवस्था निराळी नाही. नगर शहरात ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय व संशोधन केंद्र आहे. तेथील पोथ्या आणि मोडी कागदपत्रे तळमळीच्या माणसांनी घरोघर फिरून जमविली. पण तळमळ म्हणजे आर्द्रतामापक नव्हे. दौलताबादी हातकागदावर काजळाच्या शाईने लिहिलेला मोडी कागद, वाळवी आणि पाणी यांपासून राखला तर, शतकानुशतके टिकतो. तो लांब तंतूंचा असतो आणि त्यात आम्ल नसते. त्याच्या उलट एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून आलेला लाकडी लगद्याचा, तुरटी-राळेने बांधलेला गिरणी कागद आपल्याच आम्लाने आतून जळतो. पिवळा पडतो, घडीवर तुटतो. म्हणजे पेशव्यांच्या सरदाराचे दप्तर टिकेल आणि विडी कामगार स्त्रियांच्या संपाचे हस्तपत्रक टिकणार नाही. १९४२ ची भूमिगत पत्रके, १९७२ च्या दुष्काळातील कामांची हजेरीपुस्तके, नगर-संगमनेरच्या विडी कामगार संघटनांची इतिवृत्ते, या साप्ताहिकासारख्या नियतकालिकांचे जुने अंक, सारे त्याच मरणाऱ्या कागदावर आहे. श्रमिकांच्या इतिहासाला कागदसुद्धा हलका मिळाला. तो वाचविण्याची विद्या राजवाड्यांपुरती राहू देणे हा वर्गीय निर्णय आहे. कोणी तो मुद्दाम घेतला नसेल, पण कोणी बदललाही नाही.

आणि अर्धे शिक्षण हे निरक्षरतेहून घातक ठरते. गेल्या शतकाच्या मध्यास जगभरच्या अभिलेखागारांनी जीर्ण कागद सेल्युलोज ॲसिटेटच्या पारदर्शक पापुद्र्यात बसविण्याचा सपाटा लावला. तो पापुद्रा स्वतःच कालांतराने विघटित होतो आणि त्यातून ॲसेटिक आम्ल सुटते. तज्ज्ञांच्या हातून जर हे झाले, तर ग्रामपंचायतीच्या कपाटात चिकटपट्टी आणि फेविकॉल काय करीत असतील! चिकटपट्टीचा गोंद कागदात मुरतो, तपकिरी होतो आणि अक्षरासकट पापुद्रा उचलतो.

यावर हल्ली एक सोयीचे उत्तर तयार असते: सर्व काही संगणकावर घ्या. हस्तलिखितांची राष्ट्रीय मोहीम २००३ साली सुरू झाली. २०२५ च्या अर्थसंकल्पात ‘ज्ञान भारतम्’ या नावाने एक कोटीहून अधिक हस्तलिखितांच्या सर्वेक्षणाची घोषणा झाली. प्रतिमा घेणे चांगलेच. तिला विरोध करण्याचे कारण नाही. पण प्रतिमा म्हणजे वस्तू नव्हे. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ नावाचे सचित्र फारसी हस्तलिखित आहे. हुसेन निजामशहाच्या स्तुतीचे हे काव्य सोळाव्या शतकात नगरच्या दरबारात सिद्ध झाले. त्यातील चित्रांत सुलतानाशेजारी बसलेली राणी खुंझा हुमायून, म्हणजे चांदबिबीची आई, बहुतेक ठिकाणी पुढे कोणीतरी पुसून वा रंगाखाली झाकून टाकली. पतीच्या मृत्यूनंतर तिने राज्यकारभार चालविला होता. कोणाला तरी ते रुचले नाही. त्या रंगाच्या थराखाली काय शिल्लक आहे, कोणता रंग केव्हाचा, हे छायाचित्रावरून समजत नाही. ते सूक्ष्मदर्शक, अवरक्त किरण आणि मूळ पान यांच्यासमोर बसलेल्या अभ्यासकालाच विचारावे लागते. सत्तेवरून स्त्रीला पुसून टाकल्याचा असा रंगीत पुरावा नगरच्या इतिहासात आहे. तो वाचू शकेल अशी नगरची एक विद्यार्थिनी तयार करण्याची व्यवस्था नाही. ज्या नगरात सिंथिया फरार बाईंच्या शाळेत सावित्रीबाई फुल्यांनी अध्यापनाचे शिक्षण घेतले, त्या नगरची ही गोष्ट आहे.

जिल्ह्यात शिक्षणसंस्था नाहीत म्हणून हे घडले असे कोणी म्हणेल तर तो विनोद होईल. साखर कारखाना, बँक, महाविद्यालय ही येथील सत्तेची त्रिमूर्ती आहे. १९८३ साली विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांना राज्याने दार उघडले आणि त्या दारातून अभियांत्रिकी, वैद्यकीय, औषधनिर्माण, व्यवस्थापन असे जे जे विकले जाईल ते सारे आत आले. जे विकले जात नाही ते बाहेर राहिले. जुना कागद वाचविण्याच्या शिक्षणाला देणगी मिळत नाही. त्याला महाग उपकरणे लागतात, वर्गात दहा-बाराच विद्यार्थी घेता येतात आणि प्रत्येकाच्या हाताशी शिक्षक उभा असावा लागतो. बाजाराच्या हिशेबात असा अभ्यासक्रम तोट्याचा. म्हणूनच तो सार्वजनिक पैशातून चालविला पाहिजे, एवढा साधा सिद्धान्त मांडण्याचेही धैर्य विद्यापीठांच्या मंडळांत उरलेले नाही.

दिल्लीला जाऊन शिकावे, असे सुचविले जाते. अकोल्याच्या आदिवासी पाड्यातील रसायनशास्त्राच्या पदवीधराने दोन वर्षे दिल्ली परिसरात राहण्याचा खर्च कोठून आणावयाचा, इंग्रजीतून चालणाऱ्या वर्गात पहिले सहा महिने कसे काढावयाचे, शिकून आल्यावर वर्ष-अकरा महिन्यांच्या कंत्राटावर किती काळ राबावयाचे? परिणाम असा की ही विद्या महानगरातील सुखवस्तू घरांची होऊन बसते. शिवाय तेथे शिकवितात ते सारे येथे जसेच्या तसे लागू होते असेही नाही. याच जिल्ह्यात रतनवाडीचे अमृतेश्वर मंदिर आहे. तेथे सह्याद्रीचा मुसळधार पाऊस दगडावर शेवाळ वाढवितो. आणि याच जिल्ह्यात कर्जत-जामखेडचा रखरखीत उन्हाळा आहे. तेथे पोथीचे पान कोरडे पडून मोडते. दोन हवामाने, दोन रोग. त्यांचा अभ्यास त्यांच्याजवळ राहूनच होईल.

येथे पक्षातील काही सहकाऱ्यांचा आक्षेप विचारात घेतला पाहिजे. पाथर्डीत टँकर चालू असताना पोथ्यांचे लाड कशाला, असे ते विचारतात. दुसरे म्हणतात, वारसा हे प्रतिगाम्यांचे क्षेत्र. त्यात पडू नये. पहिल्या आक्षेपाला उत्तर असे की पाण्याचा पैसा पोथ्यांनी खाल्लेला नाही. पैसा आहेच, तो सुशोभीकरणावर आणि कमानींवर जातो आहे. वारशाच्या नावाने मंजूर झालेल्या रकमेचा हिशेब वारशाच्या कसोटीवर मागणे म्हणजे पाण्याचा पैसा पळविणे नव्हे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आणि अधिक चुकीचा आहे. भूतकाळाचे पुरावे नष्ट झाले की भूतकाळाबद्दल वाटेल ते बोलण्याची मुभा मिळते, आणि ती मुभा कोणाला हवी असते हे सांगावयास नको. जानेवारी २००४ मध्ये पुण्याच्या भांडारकर संस्थेवर हल्ला झाला तेव्हा ग्रंथांचीच नासधूस झाली. पुरावा जपणारा माणूस हा अस्मितेच्या व्यापाऱ्यांचा पहिला शत्रू असतो. त्याला शिकविण्याचे क्षेत्र समाजवाद्यांनी मोकळे सोडले तर ते रिकामे राहणार नाही.

नोकऱ्या कोठे आहेत, हाही प्रश्न येतो. महालेखापरीक्षकांच्या २०१३ च्या अहवालात तपासलेल्या १,६५५ केंद्रसंरक्षित स्मारकांपैकी ९२ जागेवर सापडलीच नाहीत असे नमूद आहे. २०२२ च्या संसदीय समितीच्या अहवालानुसार ३,६९३ स्मारकांपैकी पहारेकरी होते ते केवळ २४८ ठिकाणी. जेथे पहारेकरी नाही तेथे संवर्धक कोठून असणार? काम डोंगराएवढे आहे. पदे निर्माण केलेली नाहीत, म्हणून नोकऱ्या नाहीत. रिकाम्या जागेचे कारण पुढे करून शिक्षण नाकारावयाचे आणि शिकलेली माणसे नाहीत म्हणून जागा भरावयाची नाही, हे चक्र शासनानेच फिरते ठेवले आहे.

मागणी नेमकी असावी. पुणे विद्यापीठाच्या नगर येथील उपकेंद्रात दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम, पूर्ण अनुदानित, निवासी विद्यावेतनासह. प्रवेश रसायनशास्त्राच्या पदवीधराला तसाच इतिहास आणि मराठीच्या पदवीधराला; पहिल्याला मोडी आणि फारसीची ओळख, दुसऱ्याला प्रयोगशाळेची. शिकविणे मराठीतून. चुना मळणारा, दगड घडविणारा वडार आणि पाथरवट, हातमागावर बसणारा पद्मशाली विणकर यांना वर्गात पाहुणे म्हणून हारतुरे न देता मानधनावर अध्यापक म्हणून नेमावे. विटांच्या आणि चुन्याच्या बांधकामाचे वर्ग १५८३ च्या सुमारास पुरा झालेल्या फराहबागेच्या भग्न महालापाशीच भरावेत. प्रयोगशाळा सर्वांना खुली असावी: ग्रामपंचायत, मशीद, देवस्थान, कामगार संघटना, कोणीही आपला जीर्ण कागद घेऊन यावे. आणि ज्या कोणत्या आराखड्यात ‘जतन’ हा शब्द असेल, त्याच्या रकमेचा ठरावीक हिस्सा या शिक्षणासाठी आणि संवर्धकांच्या कायम पदांसाठी राखून ठेवण्याचे बंधन घालावे. अहिल्याबाईंनी घाट बांधले, विहिरी खणल्या, १७८० साली काशीचे मंदिर उभे केले ते कारागिरांना पोसून; नुसत्या नामफलकांवर त्यांनी खजिना रिता केल्याची नोंद नाही.

जिल्हा नियोजन समितीत चौंडीच्या खर्चाचा विषय पुन्हा येईल. तालुका शाखांनी त्याआधी आपापल्या तालुक्यात जुने कागद, ताम्रपट, वीरगळ, यंत्रे, संघटनांची दप्तरे कोठे आणि कोणत्या अवस्थेत आहेत याची यादी करून ती समितीतील सदस्यांच्या हाती द्यावी, आणि ६८१ कोटींपैकी संवर्धकाच्या वेतनावर व शिक्षणावर किती, हा आकडा सभागृहात लेखी मागावा. यादी करताना कागद हाताळावा लागला तर तो उलगडू नये, त्याला काही चिकटवू नये, सुती कापडात ठेवून कोरड्या जागी असू द्यावा.